सात वारांचा शिधा

रविवारी डुकराचं खारवलेलं मांस एक पौंड, वाटाणे अर्धा पाइंट. सोमवारी ओटची भरड एक पाइंट, लोणी दोन औंस, चीज चार औंस. मंगळवारी खारवलेलं गोमांस दोन पौंड. बुधवारी वाटाणे, भरड, लोणी, चीज. गुरुवारी पुन्हा रविवारचंच. शुक्रवारी पुन्हा बुधवारचंच. शनिवारी पुन्हा मंगळवारचंच. आणि सातही दिवस न चुकता बिस्किट एक पौंड, बिअर एक गॅलन.

मजकूर एवढाच. ब्रिटिश नौदलाने १७३१ साली आपली नियमावली छापली, त्यातला हा दर माणशी शिध्याचा तक्ता. त्याची मुळं आणखी मागे, सॅम्युएल पेपिस नौदलाचा कारभार पाहत होता त्या सतराव्या शतकात जातात. पुढे शंभरेक वर्षं किरकोळ फेरफार सोडले तर हजारो खलाशी याच सात ओळींवर जगले, लढले आणि मेलेसुद्धा. कोणा कारकुनाने लिहिलेल्या या यादीचं रसग्रहण करायचं म्हटलं तर मराठीचे शिक्षक भुवया उंचावतील. दहावीच्या पेपरात रसग्रहणाला कविता येते, किराण्याची यादी येत नाही. पण शाळेतल्या मुलांना जुन्या काळच्या खलाशांचं खाणंपिणं शिकवायचं असेल, तर या तक्त्याइतकं चांगलं पाठ्य मला दुसरं दिसत नाही. तो कवितेसारखाच वाचावा लागतो, म्हणजे ओळीओळीने, थांबत थांबत, आणि जे लिहिलेलं नाही तिकडेही कान देऊन.

हा विषय शिकवायची रूढ पद्धत वेगळी आहे. तिला ‘शीऽऽ पद्धत’ म्हणायला हरकत नाही. बिस्किटात अळ्या, पाण्याला शेवाळ, मांस इतकं कडक की दात पडावेत. मुलं किंचाळतात, हसतात, तास रंगतो. यातलं खोटं काहीच नाही. पण तास संपल्यावर मुलाच्या हाती उरतं ते एवढंच, की पूर्वीची माणसं घाणेरडं खायची आणि आपण शहाणे झालो. इतिहासाच्या तासातून याहून निरुपयोगी गोष्ट क्वचितच पदरात पडत असेल. तक्ता समोर ठेवला की मुलांना पहिला धक्का बसतो तो अगदी उलटा: बापरे, एवढं खायचे?

खरंच एवढं खायचे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. मंगळवारच्या दोन पौंड गोमांसाचे झाले नऊशे ग्रॅम. वजनात हाडं धरलेली, मिठाने पाणी सुटलेलं, शिजवल्यावर आकसणारं, हे सगळं वजा केलं तरी ताटात पडणारा तुकडा लहान नव्हता. गॅलन म्हणजे साडेचार लिटरच्या वर. पूर्ण शिधा हाती पडला तर दिवसाचे पाच हजारांच्या आसपास उष्मांक होतात, असा आजच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. दोरखंड ओढणाऱ्या, नांगर उचलणाऱ्या, थंडीपावसात डोलकाठीवर चढणाऱ्या माणसाला तेवढे लागतही. त्या काळी इंग्लंडातल्या शेतमजुराला आठवड्यातून चार दिवस मांस मिळणं ही चैन होती. खलाशाला ते नियमाने मिळत होतं, निदान कागदावर.

‘कागदावर’ या शब्दापाशी परत यायचं आहे. आधी लय पाहू.

बिस्किट आणि बिअर हे या रचनेचं धृपद. प्रत्येक वारी येतं, प्रत्येक वारी तेवढंच. त्यावर दोन कडवी आलटूनपालटून येतात, एक मांसाचं, एक बिनमांसाचं. रवि, मंगळ, गुरू, शनी मांस. सोम, बुध, शुक्र नाही. अथांग समुद्रावर महिनोन्‌महिने जमीन दिसत नाही. तिथे वार ओळखायला ताटाशिवाय दुसरं साधन फारसं नव्हतं. आज डुकराचं मांस आणि वाटाणे म्हणजे एक तर रविवार नाही तर गुरुवार. मुलांना हे चटकन कळतं, कारण त्यांच्या शाळेच्या भिंतीवरही वारानुसार असाच एक तक्ता असतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

या बिनमांसाच्या दिवसांना इंग्रज खलाशांनी नाव दिलं होतं ‘बन्यान डे’. सुरतेच्या बाजारात त्यांची गाठ पडली ती शाकाहारी वाण्यांशी. त्यांच्यावरून हे नाव पडलं. म्हणजे अटलांटिकच्या मध्यावर, बर्फाळ वाऱ्यात, कुणी यॉर्कशायरचा पोरगा चीजचा तुकडा चघळत ‘आज वाण्याचा वार’ म्हणून कुरकुरत होता. त्याने आयुष्यात वाणी पाहिलेला नसायचा. गंमत अशी, की हा शब्द ब्रिटिश नौदलात अजून जिवंत आहे, फक्त त्याचा अर्थ आता किनाऱ्यावर उतरून केलेली मेजवानी असा झाला आहे, आणि तिथे शेगडीवर मांस भाजलं जातं. भूगोल, व्यापार आणि विनोद एकाच शब्दात सापडावेत असे प्रसंग अभ्यासक्रमात फार नसतात. शिक्षकाने ही संधी सोडू नये.

आता धृपदातला पहिला शब्द, बिस्किट. आपल्या डोळ्यांसमोर चहात बुडवायचं बिस्किट येतं. ते आधी पुसायला हवं. लंडनजवळ ग्रीनिच इथल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एक खरं जहाजी बिस्किट जपून ठेवलं आहे. गोल, तपकिरी, टोच्यांनी भोकं पाडलेलं. त्यावर शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, की हे बिस्किट मिस ब्लॅकेट यांना बेरिक गावी मंगळवार, १३ एप्रिल १७८४ रोजी देण्यात आलं. बिस्किट देणारा कोण, मिस ब्लॅकेट कोण, दोघांमध्ये काय होतं, यातलं त्या शाईत काही नाही. पण जेवणावर लिहिता येतं, आणि ते लिहिलेलं सव्वादोनशेहून जास्त वर्षं टिकतं, एवढ्यावरून तो पदार्थ कसा असेल ते मुलांना बरोबर कळतं. तारखेचा वारही पडताळून पाहायला सांगावा. जुळतो. मुलांना असा हिशेब जमला की ती त्या बाईला ओळखायला लागतात.

हे बिस्किट वर्गात करून पाहणं अगदी सोपं. गव्हाचं जाडसर पीठ, पाणी, वाटलं तर चिमूटभर मीठ. तूप नाही, साखर नाही, खमीर नाही. घट्ट मळायचं, इतकं घट्ट की मनगटं दुखावीत. जाड लाटायचं, काट्याने भोकं पाडायची, मंद आचेवर भाजायचं आणि मग कोरड्या जागी वाळू द्यायचं. सगळी करामत पाणी काढून टाकण्यात आहे. ओल उरली तर बुरशी, ओल गेली तर वर्षभर निश्चिंती. ज्या घरात कुरडया-पापड उन्हात घातले जातात त्या घरच्या मुलाला हे शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. शिक्षकाने एकच काळजी घ्यावी: चावू देऊ नये. आधी पाण्यात किंवा आमटीत भिजवावं, जसे खलाशी भिजवत. दात ही सार्वजनिक मालमत्ता नाही.

आणि अळ्या? होत्या. पिंपात दमट हवा शिरली की पिठाच्या कुठल्याही पदार्थाला जे होतं तेच बिस्किटाला होई. आपल्याकडे पावसाळ्यात गव्हाला टोके होतात, रव्याला जाळी लागते, तेव्हा कोणी इतिहास लिहीत नाही. चाळून, उन्हात घालून पुढे जातो. खलाशीही बिस्किट टेबलावर आपटत आणि पुढे जात. त्यात रस घ्यावा तेवढा थोडा, पण थोडाच.

चीजबद्दल एका वाक्याची दाद द्यायला हवी. सुरुवातीला नौदल सफोक परगण्यातलं साय काढलेल्या दुधाचं चीज घेई. ते इतकं कठीण निघे की तक्रारी थांबेनात, आणि १७५८ मध्ये ते बंद करून चेशायर नि ग्लॉस्टरशायरचं चीज सुरू झालं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या सरकारी खरेदीत चव हा मुद्दा ठरला होता, हे आजच्या कुठल्याही निविदा समितीने वाचावं असं आहे. बाकी लोणी लवकर खवट होई, आणि ओटची भरड तर खलाशांना मनापासून नावडे. त्यावर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

बिअरचं काय करायचं? आणि गोमांसाचं? मराठी शाळेतला शिक्षक फळ्यावर हे दोन शब्द लिहिताना चपापेल, हे खरं. मला वाटतं, लिहावेत. दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या शतकाचा शिधा आपल्या पथ्याप्रमाणे धुऊन घेता येत नाही. लिहून मग विचारावं: बिअर का? कारण लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांतच नासे, आणि हलकी बिअर त्यापेक्षा जास्त टिके. तीही लांबच्या प्रवासात संपे. मग नियमावलीतच पर्याय दिलेला होता: गॅलनभर बिअरऐवजी पाइंटभर वाइन किंवा अर्धा पाइंट रम, ब्रँडी वा अरक. जहाज हिंदी महासागरात शिरलं की ओटच्या जागी तांदूळ येत. म्हणजे हा तक्ता पोथीसारखा अढळ नव्हता. बंदर बदललं की त्याचा पाठभेद तयार होई. पुढे बिनपाण्याची रम पिऊन खलाशी झिंगायला लागले तेव्हा अ‍ॅडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये तीत पाणी मिसळायचा हुकूम काढला. ही रमची प्रथा नौदलाने थांबवली ती थेट ३१ जुलै १९७० रोजी.

आता ‘कागदावर’.

तक्त्यात ‘पौंड’ हा शब्द किती निरागस दिसतो. सोळा औंसांचा एक पौंड, हे इंग्लंडातलं शाळकरी पोरही जाणत होतं. पण जहाजावर शिधा वाटणारा अधिकारी असे पर्सर, आणि त्याचा पौंड चौदा औंसांचा असे. हा उघड, मान्य असलेला रिवाज होता, चोरी नव्हती. पिंप फुटतं, उंदीर खातात, बिस्किटाचा चुरा होतो, चीज वाळतं. ही घट भरून काढायला आठवा हिस्सा कापून घ्यायची मुभा होती. पर्सरची बाजूही ऐकायला हवी. मालाचा जमाखर्च त्याच्या गळ्यात असे, आणि तूट निघाली तर त्याच्या खिशातून जाई. पण घट झाली नाही, तर वाचलेला माल कोणाचा? खलाशांना उत्तर ठाऊक होतं, आणि पर्सर या प्राण्यावर त्यांचा राग पिढ्यान्‌पिढ्या होता.

इथे मी इतिहासाचं पुस्तक मिटून गणिताचं उघडायला सांगेन. जहाजावर ८०० माणसं आहेत. ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर थोडी जास्तच होती. प्रत्येकाच्या बिस्किटातून रोज दोन औंस कापले. एकूण सोळाशे औंस. म्हणजे शंभर पौंड, पंचेचाळीस किलो. रोज. नुसत्या बिस्किटातून. आठवड्याला सातशे पौंड. फळ्यावर हे आकडे चढत जातात तसे वर्गाचे चेहरे बदलतात. अपूर्णांकाचा धडा शिकवताना भाकरीचे नाही तर केकचे आठ तुकडे करून एक बाजूला ठेवायची आपली परंपरा आहे. तो आठवा तुकडा कोणाच्या तोंडचा, हे मात्र आपण विचारत नाही.

टंचाई आली की तक्ता आणखी आकसे. सहा जणांना चौघांचा शिधा, अशी वाटणी होई. म्हणजे दोन तृतीयांश. कमी मिळालेल्या शिध्याचे पैसे नंतर हिशेबात मिळत, पण पैसे चावता येत नाहीत.

आकसण्याची शेवटची पायरी पाहायची असेल तर पुन्हा ग्रीनिचच्या त्याच संग्रहालयात जावं लागतं. तिथे नारळाच्या करवंटीची एक वाटी, शिंगाचा एक पेला आणि पिस्तुलाची एक शिशाची गोळी आहे. २८ एप्रिल १७८९ रोजी ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं आणि कप्तान विल्यम ब्लाय याला अठरा जणांसह सात मीटर लांबीच्या एका उघड्या नावेत सोडून देण्यात आलं. टोफुआ बेटावर एक जण मारला गेला. उरलेले अठरा जण प्रशांत महासागरातून वल्ही-शिडांवर जात १४ जूनला तिमोर बेटावरच्या कुपांगला पोचले. या प्रवासात ब्लायने करवंट्यांचा तराजू केला आणि वजन म्हणून पिस्तुलाची गोळी वापरली. एका वेळी एका माणसाला गोळीभर वजनाचं बिस्किट: पौंडाचा पंचविसावा भाग, जेमतेम अठरा ग्रॅम. जी वस्तू माणूस मारायला घडवली तिनेच अठरा माणसं जगवली, हे वाक्य निबंधात शोभलं असतं, पण मला त्यापेक्षा तराजू महत्त्वाचा वाटतो. अन्न संपत आलेलं असताना डोळ्याच्या अंदाजाने वाटलं असतं तर पहिल्या आठवड्यात मारामारी झाली असती.

वाटणीची आणखी एक जुनी जहाजी रीत त्या नावेत वापरली गेली. एखादा समुद्रपक्षी हाती लागला की त्याचे अठरा वाटे करायचे. एकाने पाठ फिरवायची. दुसऱ्याने एका वाट्याकडे बोट दाखवून विचारायचं, ‘हा कोणाला?’ पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. चोच आली तर चोच, पंख आला तर पंख. वर्गात हे शेंगदाण्याच्या चिक्कीवर करून पाहावं. मुद्दाम वेडेवाकडे तुकडे करावेत. मुलं आरडाओरडा करतील, पण ‘हे चुकीचं आहे’ असं कोणी म्हणणार नाही. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा या पाच मिनिटांत नीट समजतं.

इथवर आपण जे लिहिलं आहे ते वाचलं. चांगल्या पाठ्यात अध्याहृत शब्द असतात, तसे या तक्त्यातही आहेत. फळ्यावर सात ओळी तशाच ठेवाव्यात आणि मुलांना विचारावं, यात काय नाही?

पहिलं उत्तर चॉकलेट येतं. मग भात, चपाती. मग कोणीतरी म्हणतं, भाजी नाही. फळ नाही. पालेभाजी तर नावालाही नाही. आणि इथे तास गंभीर होतो. कारण तोफगोळ्यांनी मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त खलाशी या न लिहिलेल्या ओळीने मारले. हिरड्या सुजतात, काळ्या पडतात, दात हलतात, वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. हा स्कर्व्ही. शरीराला क जीवनसत्त्व मिळालं नाही की काही महिन्यांत गाठतो. पाच हजार उष्मांक पोटात जाऊनही गाठतो. भरलेलं पोट आणि पोसलेलं शरीर यांतलं अंतर याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

याचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. कारवारजवळचं अंजदीव बेट आज गोव्याच्या हद्दीत आहे. वास्को द गामाची जहाजं ऑक्टोबर १४९८ मध्ये तिथून परतीला निघाली. वाऱ्याविरुद्ध अरबी समुद्र ओलांडायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले, आणि तेवढ्या अवधीत तीसेक माणसं याच रोगाने गेली. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवण्यात आली. म्हणजे औषध कोणतं याचा वास पंधराव्या शतकातच लागला होता. पण तक्त्यात ते यायला पुढे तीनशे वर्षं जावी लागली.

या तीनशे वर्षांतला एकच प्रसंग वर्गात सावकाश सांगावा. मे १७४७. ‘सॉल्सबरी’ जहाज. जेम्स लिंड नावाचा शल्यविशारद. त्याने स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले, शक्यतो सारख्याच लक्षणांचे. त्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली वारुणी, एकीला पाण्यात घातलेलं गंधकाम्ल थेंबाथेंबाने, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीची चाटण, आणि एकीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. पण सहाव्या दिवशी त्या जोडीतला एक जण कामावर हजर व्हायच्या लायकीचा झाला होता, आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करण्याइतका बरा. विज्ञानाच्या शिक्षकाला ‘बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला’ हे सांगायला याहून सुटसुटीत प्रयोग कुठला मिळणार? समुद्राचं पाणी पिणाऱ्या जोडीबद्दल मुलांना फार वाईट वाटतं. वाटू द्यावं.

खरी गोष्ट यापुढची आहे, आणि ती बहुतेक धड्यांत गाळलेली असते. लिंडने १७५३ मध्ये ग्रंथ छापला, पण आपल्याच प्रयोगातून निघणारा साधा अर्थ त्याने ठणकावून सांगितला नाही. रस टिकावा म्हणून तो आटवायला सांगितला, आणि आटवण्यातच त्यातलं सत्त्व जळून गेलं. जेम्स कुकने १७६८ च्या सफरीत आंबवलेल्या कोबीवर भर दिला. खलाशी तो तोंडाला लावेनात, तेव्हा त्याने युक्ती केली: कोबी फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला, बाकीच्यांना ‘हवा तर घ्या’. आठवडाभरात सगळ्यांनाच हवा झाला आणि वाटा ठरवून द्यायची वेळ आली. मुलांना दुधीची भाजी खाऊ घालणाऱ्या आयांनी कुकला आपल्यातलाच मानावा. लिंबाचा रस नौदलाच्या शिध्यात रीतसर आला १७९५ मध्ये, गिल्बर्ट ब्लेन या वैद्याच्या रेट्यामुळे. ग्रंथ आणि हुकूम यांत बेचाळीस वर्षं गेली. खरं उत्तर सापडणं आणि ते सात ओळींच्या तक्त्यात आठवी ओळ म्हणून लिहिलं जाणं, यांच्यामध्ये किती माणसं उभी असतात!

आता शाळेच्या भिंतीवरचा तो दुसरा तक्ता. आपल्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम, असं ठरवून दिलेलं आहे. उष्मांक ४५०, प्रथिनं १२ ग्रॅम. दोन्ही तक्ते शेजारी लिहिले की मुलांना आपलंच ताट ऐतिहासिक कागद वाटू लागतं. ‘भाजी ५० ग्रॅम’ या तीन शब्दांमागे कोण कोण मेलं, ते आता त्यांना ठाऊक आहे. आणि कोणीतरी चुणचुणीत मुलगी हमखास विचारेल, की आपला ग्रॅम पूर्ण ग्रॅम असतो का? या प्रश्नाला शिक्षकाने रागावू नये. वजनकाटा आणावा.

इंग्लंडातल्या मुलांना हे सारं शिकायला खरी जहाजं मिळतात. त्यांतलं हार्टलपूलच्या गोदीतलं ‘ट्रिंकोमाली’ आपलंच म्हणायला हवं. मलबारच्या सागाचं, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं. ज्या लाकडावर इंग्रज खलाशी बिस्किट आपटत, ते लाकूड आपल्या पश्चिम घाटातलं. मुंबईहून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर पुढे रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी आणि गोव्याचे आचारी, बटलर होते. तिथे रांधणाऱ्याला भंडारी म्हणत, आणि त्यांचा शिधा वेगळा, तांदळाचा. तो तक्ता वेगळ्या तासाचा विषय आहे, आणि तो कोकणातल्या शाळेने हाती घ्यावा. मुलांच्या घरातच साक्षीदार असतील.

शेवटी एक उत्तरपत्र वाचायला द्यावं. १६ एप्रिल १७९७ रोजी स्पिटहेडच्या नांगरतळावर, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, खलाशांनी जहाजं हाकारायला नकार दिला. नियमावलीच्या तक्त्याला खलाशांनी दिलेलं उत्तर म्हणून त्यांचा अर्ज वाचता येतो. पगारवाढ मागितली, ती तर मागणारच. पण पोटाबद्दलच्या मागण्या पाहा. पौंड सोळा औंसांचा असावा. माप बाजारात चालतं तेच असावं. माल बरा असावा. बंदरात असताना ताज्या मांसाच्या बदल्यात पीठ माथी मारू नये. आणि त्या त्या बंदरात जी भाजी मुबलक मिळते ती पुरेशी मिळावी. वैद्य ग्रंथ लिहीत होते, नौदलाचे अधिकारी कागद सरकवत होते. इकडे साध्या खलाशांनी तक्त्यातल्या दोन्ही उणिवांवर, खोट्या शब्दावर आणि गाळलेल्या ओळीवर, नेमकं बोट ठेवलं होतं. त्यांना सोळा औंस मिळाले. महिनाभरात जहाजं समुद्रावर गेली.

गृहपाठ म्हणून मुलांना असा अर्ज लिहायला सांगावा, शाळेच्या शिध्याबद्दल, मुख्याध्यापकांच्या नावे. मागण्या पाचपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकीत वजन ग्रॅममध्ये हवं. मायना चुकला तर गुण कापू नयेत.